वरातीमागून घोडे!

१६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी असा निर्णय दिला की, पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी न घेता उभारलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्याचा केंद्र सरकारचा प्रघात बेकायदा आहे आणि यापुढे तो कोणत्याही स्वरूपात चालू ठेवता येणार नाही. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांनी, त्याच न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताधिक्याने हा निर्णय मागे घेतला आणि सगळा प्रश्न नव्याने सुनावणीस ठेवण्यास सांगितले. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. के. विनोद चंद्रन हे बहुमतात होते. मे महिन्याच्या निकालात सहभागी असलेले न्या. भुयान आपल्या मूळ मतावर ठाम राहिले आणि त्यांनी आपले भिन्नमत स्वतंत्रपणे नोंदविले. मूळ याचिका मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेची. फेरविचाराची मागणी बांधकाम व्यावसायिकांच्या ‘क्रेडाई’ या संघटनेची. पहिला निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ठाण्याचे, तो मागे घेणाऱ्या पीठाचे प्रमुख अमरावतीचे. तेव्हा हा वाद दिल्लीत लढला गेला असला, तरी महाराष्ट्राने त्याकडे परक्याच्या घरचे भांडण म्हणून पाहण्याचे कारण नाही.

न्यायालयाविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस असे म्हणणे भाग आहे की, या फेरविचाराने देशातील पर्यावरण कायद्याचा कणाच दुबळा केला आहे. वरकरणी प्रश्न अगदी तांत्रिक दिसतो. मंजुरी आधी घ्यावयाची की नंतर? कागद तोच, शिक्का तोच, सही करणारा अधिकारीही तोच. मग चार महिने इकडेतिकडे झाले म्हणून एवढा गहजब कशासाठी? असा भाबडा सवाल कोणीही करील. परंतु या एका ‘आधी’ शब्दातच पर्यावरण कायद्याचे सारे मर्म साठविलेले आहे. तो शब्द काढला की उरतो तो केवळ दंडवसुलीचा एक खातेविभाग! आणि दंडवसुलीने आजवर एकही नदी स्वच्छ झालेली नाही, की एकही डोंगर पुन्हा उभा राहिलेला नाही.

हे मर्म समजण्यासाठी पूर्वमंजुरीची पद्धत नेमकी काय आहे ते पाहिले पाहिजे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाण, धरण, वीजकेंद्र, रसायनांचा कारखाना, बंदर, विमानतळ किंवा वीस हजार चौरस मीटर अथवा त्याहून मोठे बांधकाम हाती घेण्यापूर्वी प्रकल्पधारकाने पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सादर करावयाचा असतो. प्रथम प्रकल्पाची छाननी. मग अभ्यासात काय काय तपासायचे याची निश्चिती. मग बहुतेक मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत जनसुनावणी. आणि शेवटी तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन, अशा या पायऱ्या आहेत. मोठ्या प्रकल्पांचा निर्णय केंद्राकडे, तुलनेने लहान प्रकल्पांचा राज्य पातळीवरील प्राधिकरणाकडे. या सर्व पायऱ्या चढून गेल्यावरच जमिनीत पहिली कुदळ पडावी, असा कायद्याचा दंडक आहे.

हा क्रम उलटा केला तर काय होते? पहिली गोष्ट अशी की, कोणत्याही जागेची मूळ स्थिती ही तिला हात लावण्यापूर्वीच नोंदता येते. तेथे झरे किती होते, विहिरींचे पाणी किती खोल होते, झाडे कोणती होती, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहून जात होते, या गोष्टी डोंगर कापून झाल्यावर आणि ओढा बुजवून झाल्यावर कोण सांगणार? पुरावाच नाहीसा झाल्यावर नुकसान मोजायचे तरी कशाशी ताडून? दुसरी गोष्ट, पर्यावरणाच्या अभ्यासात पर्यायी जागेचा विचार अभिप्रेत असतो. इमारतीचे सात मजले उभे राहिल्यावर पर्यायी जागेची चर्चा ही निव्वळ करमणूक ठरते. तिसरी गोष्ट, जनसुनावणी ही लोकांना ‘नाही’ म्हणता यावे यासाठी असते. ज्या ठिकाणी धुराडे आधीच धूर ओकते आहे, तेथे गावकऱ्यांना बोलावून त्यांचे मत विचारणे हा लोकशाहीचा उपहास होय. लग्न लागून गेले, वऱ्हाड जेवून उठले, आणि मग वरातीमागून घोडे आणले तर त्या घोड्यावर बसायचे कोणी?

आमच्यातील ज्यांनी आयुष्यातील काही वर्षे शाळेच्या वर्गात खडू हाती धरून घालविली आहेत, त्यांना या व्यवहारातील विपरीतपणा विशेष जाणवेल. परीक्षेला न बसताच पुढील वर्गात जाऊन बसलेल्या विद्यार्थ्याला वर्षअखेरीस काही दंड भरून उत्तीर्णतेचा दाखला मिळू लागला, तर पुढच्या वर्षी रात्र जागून अभ्यास कोण करील? आणि ज्या मुलाने रीतसर परीक्षा दिली, त्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटल्यास दोष त्याचा म्हणायचा की शाळेचा?

हा कायदा कोणाच्या लहरीतून जन्मास आलेला नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणासंबंधी जी जागतिक परिषद भरली, तीत इंदिरा गांधींनी भारताची बाजू मांडली. १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा, १९८० मध्ये वनसंवर्धनाचा आणि १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आणि नागरिकांचे कर्तव्य म्हणून घटनेत दाखल झाले. तरीही २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे गुदमरून मेली, तेव्हाच देशाला खडबडून जाग आली आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संमत झाला. त्याच कायद्याच्या आधारे १९९४ मध्ये पूर्वमंजुरीची पहिली अधिसूचना निघाली. अपघात झाल्यावर प्रेते मोजण्यापेक्षा अपघाताची शक्यता आधीच तपासावी, हा धडा भोपाळने दिला होता, आणि ‘पूर्व’ हा शब्द त्याच धड्याचे सार आहे.

या शब्दाला पहिला मोठा सुरुंग लागला तो १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने. ज्यांनी मंजुरीवाचून काम सुरू केले होते, त्यांना सहा महिन्यांत अर्ज करून नियमित होण्याची वाट तीत मोकळी करून देण्यात आली. ही सवलत एकवारच आहे, अशी हमी त्या वेळी केंद्र सरकारने मद्रास उच्च न्यायालयात दिली होती. परंतु सरकारी ‘एकवार’चा अर्थ आपल्या लोकांस चांगला ठाऊक आहे! ७ जुलै २०२१ रोजी मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढले आणि उल्लंघनाची प्रकरणे हाताळण्याची कायमची कार्यपद्धतीच ठरवून टाकली. संसदेसमोर चर्चा नाही, जनतेच्या हरकती मागविणे नाही. एका अधिकाऱ्याच्या सहीच्या कागदाने चोरवाटेचा हमरस्ता झाला.

न्यायालयांची भूमिकाही या काळात हेलकावे खात राहिली. ओडिशातील बेकायदा लोहखनिज उत्खननाच्या प्रकरणी २ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मागाहून मंजुरीची कल्पना धिक्कारली आणि मंजुरीवाचून काढलेल्या खनिजाची शंभर टक्के किंमत वसूल करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०२० रोजी गुजरातमधील अंकलेश्वरच्या तीन कारखान्यांच्या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हेच तत्त्व पुन्हा उच्चारले. मात्र कारखाने बंद न करता प्रत्येकी १० कोटी रुपयांची भरपाई लादून त्यांना चालू राहू दिले. पुढे २०२१ आणि २०२२ मधील काही निकालांनी, अपवादात्मक परिस्थितीत अशी मंजुरी देता येईल, असे म्हटले. म्हणजे तत्त्व भिंतीवर टांगलेले राहिले आणि व्यवहार त्याच्या खालून बिनदिक्कत ये-जा करू लागला. मे २०२५ च्या निकालाने ही विसंगती संपविली होती. नोव्हेंबरच्या निकालाने ती पुन्हा जिवंत केली.

बहुमताचे म्हणणे आम्ही दुर्लक्षित करू इच्छित नाही. ते थोडक्यात असे: मे महिन्याचा निकाल देताना तेवढ्याच न्यायमूर्तींच्या पीठांनी पूर्वी दिलेले वेगळे निर्णय पुरेसे विचारात घेतले गेले नाहीत. शिवाय तो निकाल तसाच ठेवला तर सुमारे २० हजार कोटी रुपये खर्चाची सार्वजनिक बांधकामे पाडावी लागतील; त्यांत ओडिशातील ९६२ खाटांचे रुग्णालय आणि कर्नाटकातील एक विमानतळ यांसारखी लोकोपयोगी कामेही आहेत. पाडापाडीमुळे होणारे प्रदूषण वेगळेच. जो प्रकल्प मुळातच त्या जागी परवानगीस पात्र नव्हता, तो पाडण्याची तरतूद २०२१ च्या ज्ञापनातही आहे. मग जो पात्र होता तो केवळ क्रम चुकला म्हणून का पाडावा? न्या. भुयान यांनी याला उत्तर दिले आहे की, २०२१-२२ च्या ज्या निकालांचा आधार घेतला जातो, त्यांनीच २०१७ आणि २०२० च्या निकालांकडे डोळेझाक केली होती. आणि न्यायशास्त्राने पुढे जावयाचे असते, मागे नव्हे.

रुग्णालय पाडावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. परंतु वादाची मांडणी ‘पाडा नाही तर माफ करा’ अशी करणे, हीच मुळात फसवणूक आहे. मे महिन्याच्या निकालाने त्यापूर्वी दिल्या गेलेल्या मागाहूनच्या मंजुऱ्यांना धक्का लावलेला नव्हता. त्याने बंद केला होता तो पुढील दरवाजा. जी प्रकरणे मधल्यामध्ये अडकली होती, त्यांतील खरोखर लोकोपयोगी कामांपुरता न्यायालयाला आपल्या विशेष अधिकारात मार्ग काढता आला असता. एका रुग्णालयासाठी दार किलकिले करणे वेगळे आणि त्या रुग्णालयाच्या पाठोपाठ देशभरच्या बिल्डरांची वरात आत सोडणे वेगळे. शिवाय एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. रुग्णालय आणि विमानतळ उभारणारे कोणी अडाणी खेडूत नव्हते. सरकारी यंत्रणांच्या हाताशी वकील आहेत, सल्लागार आहेत, कायद्याची पुस्तके आहेत. पूर्वमंजुरी लागते हे सरकारलाच ठाऊक नव्हते, असे कोणास म्हणावयाचे आहे काय? ज्यांनी सार्वजनिक पैसा असा धोक्यात घातला त्या अधिकाऱ्यांना जाब न विचारता, ‘पैसा वाया जाईल’ हीच सबब त्यांच्या बचावासाठी वापरली जावी, हा न्याय अजब आहे.

आता या माफीची किंमत पाहू. २०२१ च्या ज्ञापनानुसार, उल्लंघन करणाऱ्या प्रकल्पाला एकूण खर्चाच्या एक टक्का आणि काम चालू झालेले असल्यास उल्लंघनाच्या काळातील उलाढालीच्या पाव टक्का इतका दंड आहे. त्याने आपण होऊन कबुली दिली तर तोही निम्मा! निसर्गाच्या हानीच्या भरपाईचा आराखडा आणि बँकेची हमी द्यावी लागते, हे खरे. पण दंड म्हणतात तो एवढाच. समजा, शंभर कोटींचा प्रकल्प आहे आणि प्रकल्पधारकाने ते पैसे दहा टक्के व्याजाने उभे केले आहेत. रीतसर मंजुरीची वाट पाहण्यात एक वर्ष गेले तर व्याजाचेच दहा कोटी रुपये होतात. वाट न पाहता काम रेटले तर दंड एक कोटी, कबुली दिल्यास पन्नास लाख. कोणता हिशेबी माणूस वाट पाहील? ओडिशात शंभर टक्के वसुलीचा न्याय आणि इतरत्र एक टक्क्याचा न्याय, हे एकाच देशातले दोन कायदे आहेत. जो दंड लाभाहून लहान असतो तो दंड नव्हेच. तो परवान्याचा दर होय.

त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा काढून टाकली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून ही दुरुस्ती अमलात आली. आता तुरुंगाची भीती उरली ती हा दंड न भरणाऱ्याला. पूर्वीच्या शिक्षेनेही फारसे कोणी गजाआड गेले नव्हते, हे आम्हांस मान्य आहे. पण जे शस्त्र वापरले जात नाही ते धार लावून वापरायचे, की मोडीत काढायचे? पंधरा लाखांत मुंबईत आज एक बरी खोलीसुद्धा मिळत नाही. त्या रकमेच्या धाकाने शेकडो कोटींच्या योजना सरळ वाटेला लागतील, ही कल्पना ज्यांनी केली त्यांच्या निरागसतेचे कौतुकच केले पाहिजे!

या साऱ्याची चव महाराष्ट्राने फार पूर्वीच घेतलेली आहे. वरसगाव धरणाच्या काठावरील डोंगरांवर ‘लवासा’ नावाचे शहर उठू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय मंत्रालयाने, हे काम आवश्यक त्या मंजुरीवाचून चालले आहे, अशी नोटीस देऊन ते थांबविण्यास फर्मावले. कंपनीने आरोप नाकारला, प्रकरण न्यायालयात गेले. आणि ९ नोव्हेंबर २०११ रोजी पहिल्या टप्प्यातील सुमारे दोन हजार हेक्टरांना अटींसह मंजुरी मिळाली. पुढे २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. कापलेल्या डोंगरउतारांना मात्र कोणत्याही न्यायाधिकरणात जाऊन आपली देणी मागता येत नाहीत.

आरे वसाहतीची कथा तर मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे घडली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविण्यास सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. स्थगिती मिळाली, पण ती झाडांना नव्हे, बुंध्यांना! पुढे एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडे तोडण्याची मुभा असताना त्याहून अधिक झाडांसाठी परस्पर अर्ज केल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो महामंडळास दहा लाखांचा दंड केला, आणि त्याच आदेशान्वये १७७ झाडे काढण्यास परवानगीही दिली. भुयारी मेट्रो धावू लागली, तिने रस्त्यावरील गर्दी व धूर कमी होईल, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रश्न मेट्रो हवी की नको हा नव्हता. कारशेडची जागा निवडण्याचा वाद न्यायालयात पुरता संपण्याआधीच करवतीने तो निकालात काढावा काय, हा होता.

कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीचे उदाहरण असेच बोलके आहे. सागरी किनारा नियमांच्या भंगाबद्दल जानेवारी २०११ मध्ये मंत्रालयाने ती पाडण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामास स्थगिती दिली. उलट केरळात कोचीजवळील मरडू येथील चार गृहसंकुले, त्याच प्रकारच्या नियमभंगाबद्दल, ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून भुईसपाट करण्यात आली. कायदा तोच, समुद्रही तोच. मात्र एका इमारतीच्या वाट्याला स्थगिती आणि दुसरीच्या वाट्याला सुरुंग! मरडूच्या त्या सदनिकांत ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली, ते तुमच्याआमच्यासारखेच पगारदार लोक होते. पूर्वमंजुरीचा आग्रह हा केवळ पक्ष्यांसाठी आणि खारफुटीसाठी नसतो. तो शेवटी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या डोक्यावरच्या छपरासाठीही असतो, हे यावरून ध्यानात यावे.

जेथे कायदा तोडला जातो तेथली ही कथा. जेथे तो जन्मालाच येऊ दिला जात नाही, तेथली आणखी निराळी. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. तो कठोर वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली गेली; तिने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के घाटप्रदेश संवेदनशील ठरवावा अशी शिफारस केली. त्यानंतर २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ अशी सहा वेळा मसुद्याची अधिसूचना निघाली. सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. सहा मसुदे! ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप होऊन दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळच्या वायनाडमध्ये डोंगर कोसळला. आणि सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात तळिये आणि इर्शाळवाडी ही नावे रायगड जिल्ह्याने आपल्या दुःखाच्या यादीत लिहून ठेवली. यांतील प्रत्येक दरड माणसाच्या उद्योगामुळेच कोसळली, असे आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या उतारावर काय करू नये हे ठरविण्यास एका तपाहून अधिक काळ लागावा आणि पावसाने मात्र दर वर्षी वेळेवर यावे, या शर्यतीत कोण हरणार हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

मग पर्यावरणाचा कायदा निरुपयोगीच म्हणावयाचा काय? मुळीच नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते दोन दशकांहून अधिक काळ चालविले. या प्राधिकरणाने तेथील औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्यास भाग पाडले आणि १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली आणि २०२४ मध्ये ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदराची पायाभरणीही झाली; तो निर्णय योग्य की अयोग्य याची चर्चा वेगळी. आमचा मुद्दा इतकाच की, जेथे निर्णय घेणारा माणूस सरकारच्या आणि भांडवलाच्या दडपणापासून मोकळा होता, जेथे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारला गेला, तेथे पंचवीस वर्षे कायद्याच्या शब्दाला वजन राहिले. कायद्याची कलमे डहाणूत निराळी नव्हती. ती वापरणारे हात निराळे होते.

या अनुभवातून पुढील मार्ग काय दिसतो? पहिली गोष्ट, पूर्वमंजुरीची सक्ती आज संसदेच्या कायद्यात नाही. ती सरकारी अधिसूचनेत आहे. जे मंत्रालय देते ते मंत्रालयच काढून घेऊ शकते, ही या व्यवस्थेची मूळ दुबळी जागा आहे. म्हणून ‘पूर्वमंजुरी’ हा शब्द संसदेने १९८६ च्या कायद्यातच कोरून ठेवला पाहिजे, म्हणजे तो खोडण्यासाठीही संसदेचीच परवानगी लागेल. दुसरी गोष्ट, जुन्या उल्लंघनांची यादी एका निश्चित तारखेला बंद करावी. तीतील लोकोपयोगी कामांचा न्यायालयीन देखरेखीखाली निकाल लावावा. आणि त्या तारखेनंतर मंजुरीवाचून उभ्या राहणाऱ्या कामाला वीज, पाणी किंवा बँकेचे कर्ज यांपैकी काहीही मिळू नये. तिसरी गोष्ट, दंड हा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांत न मोजता, कायदा मोडून मिळविलेल्या लाभाइतका तरी असावा आणि ज्या नदीची अथवा डोंगराची हानी झाली तेथेच तो खर्च व्हावा.

चौथी गोष्ट, परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सल्लागाराचे पैसे आज प्रकल्पधारकच देतो. वधूपित्याने आणलेल्या भटजीने मुहूर्ताला नकार द्यावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. हे शुल्क स्वतंत्र निधीत जमा व्हावे आणि सल्लागार त्या निधीतून नेमला जावा. पाचवी गोष्ट, मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पधारकाने दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबरला, द्यावा असा नियम आहे. हे अहवाल प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले जावेत आणि मराठीत गावच्या चावडीवर लागावेत. २०२० मधील नव्या अधिसूचनेचा मसुदा भारतीय भाषांत भाषांतरित करण्यासाठीसुद्धा दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता. लोकांना न कळणाऱ्या भाषेत लोकांची संमती मागण्याची ही खोड आता तरी सुटली पाहिजे. आणि सहावी गोष्ट, डोळ्यांदेखत बेकायदा बांधकाम होऊ देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी.

‘अशाने विकास थांबेल’ ही हाकाटी होणारच. आम्ही विकासाचे वैरी नाही. या देशातील कोट्यवधी लोकांना अजून घर, वीज, पाणी आणि रोजगार मिळावयाचा आहे, हे आम्ही विसरत नाही. मंजुरीला विनाकारण विलंब होत असेल तर तो विलंब जरूर दूर करा; तज्ज्ञ वाढवा, मुदती पाळा, ‘नाही’ म्हणायचे असेल तर तेही लवकर म्हणा. परंतु दवाखान्यात रांग मोठी आहे म्हणून रोग्याने तपासणीआधीच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असा उपाय कोणी सुचवीत नाही.

आणि सरकारला व न्यायालयांना बोल लावून आपणही मोकळे होऊ नये. मोठ्या गृहसंकुलांना पूर्वमंजुरी लागते. परंतु बहुतेक बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. म्हणजे शहरवासीयांच्या दारात जे उभे राहते त्याबद्दल शहरवासीयांना कोणी विचारीतच नाही. अशा वेळी घर आरक्षित करताना दर्शनी सज्जा आणि पोहण्याचा तलाव पाहणाऱ्या सुशिक्षित ग्राहकाने ‘पर्यावरणाची मंजुरी दाखवा, आणि तिची तारीख दाखवा’ एवढे तरी म्हणावयास काय हरकत आहे? ती तारीख पायाभरणीच्या आधीची आहे की नंतरची, या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उघड होतील. वाचकांपैकी हजारो लोकांनी तो विचारला, तर जे ज्ञापनांनी बिघडविले त्यातील थोडे तरी बाजारच सावरील.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पुन्हा मांडला जावयाचा, असे १८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने ठरले. ज्या न्यायमूर्तींपुढे तो येईल त्यांनी वीस हजार कोटींचा हिशेब जरूर पाहावा. पण त्या हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात बुजलेले ओढे, आटलेल्या विहिरी, खोकल्याने बेजार झालेली मुले आणि डोंगराखाली झोपेत गाडली गेलेली कुटुंबेही मांडली जावीत, एवढीच आमची मागणी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने तिच्या पात्रात उभ्या असलेल्या कोणाचीही कागदपत्रे तपासली नाहीत. मंत्रालय मागाहून मंजुरी देईल, न्यायालय मागाहून क्षमा करील. डोंगर आणि नदी यांच्या दफ्तरात मात्र अशी कोणतीही तरतूद नाही. म्हणून विचारावयाचे ते आधीच विचारले पाहिजे. ‘आधी’ हा शब्द कायद्याला परत मिळवून देणे, हे या पिढीचे पुढच्या पिढीविषयीचे पहिले कर्तव्य आहे.